चर्ना वास : दलदलीवर वसलेलं गाव

स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना दक्षिणेला संपते आणि दलदलीचं सपाट मैदान सुरू होतं. विस्तार सुमारे १६० चौरस किलोमीटर. चर्ना वास हे त्यातलं, रस्त्याच्या कडेनं लांबच लांब पसरलेलं छोटं गाव. चढ नाही, म्हणून आम्ही सायकलनं गेलो, आणि तसंच जावं. गाडीच्या वेगात इथली मुख्य गोष्ट नजरेतून निसटते: जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यात नाहीत. चौकटींच्या कडा आणि त्यांच्याजवळचे तडे नीट बघा.

कारण जमिनीत आहे. खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. १७८० मध्ये पूर्ण झालेल्या ग्रुबर कालव्यानं पाणी उतरवायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात शेतकरी इथे वसले. त्यांनी पीट कापून सरपणाला वापरलं, वरचा थर जाळून राखेत पीक घेतलं. पण पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजतं, आकसतं. जमीन खचते आणि पूर पुन्हा दाराशी येतो. घरांच्या पायाखाली जमिनीत ठोकलेले लाकडी खुंटही पाण्याखाली असतील तोवरच टिकतात. हवा लागली की वरची टोकं कुजतात आणि घर एका बाजूनं बसतं.

हे सगळं ओळखून बांधलेली इमारत म्हणजे सेंट मायकेलचं चर्च. वास्तुरचनाकार योझे प्लेचनिक, बांधकाम १९३७-३८. पाया खुंटांवर, आणि प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर, म्हणजे पुराचं पाणी तिथवर पोहोचत नाही. बाहेरचा दगडी जिना पुलासारखा थेट वर नेतो. घंटेच्या मनोऱ्याच्या भिंतीत कमानींची भोकं आहेत, ओझं तेवढंच कमी. बाहेर जवळच्या पोदपेचचा दगड, आत भरपूर लाकूड. मला हे प्लेचनिकचं सर्वांत शहाणं काम वाटतं. लुब्लियानातल्या त्याच्या इतर कामांबरोबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या चर्चचा समावेश झाला. एरवी दार बंद असू शकतं. रविवारच्या प्रार्थनेच्या सुमारास पोहोचा.

पुढे इग गावाच्या परिसरात खुंटांवर बांधायची हीच पद्धत हजारो वर्षं जुनी असल्याचं कळतं. १८७५ मध्ये रस्त्याकडेचे चर खणताना इथे प्रागैतिहासिक घरांचे खुंट सापडले. संशोधक द्रागोतिन देझमान यांनी उत्खनन केलं. खुंट ओल्या मातीतच राखले आहेत, त्यामुळे शेतात ते शोधत फिरू नका. त्याऐवजी लुब्लियानाच्या शहर संग्रहालयातलं चाक बघा. २००२ मध्ये व्हर्निकाजवळ मिळालेलं, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं. चाक ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचं, आस ओकचा. आसाचं टोक चौकोनी, चाकात पाचरींनी घट्ट ठोकलेलं, म्हणजे चाकाबरोबर आसही फिरायचा.

मे-जूनमध्ये कुरणात पाऊल टाकू नका. कॉर्नक्रेक पक्षी गवतात जमिनीवरच घरटं करतो. त्याच्यासाठी इथे कापणी उशिरा करतात, तीही मधून कडेकडे, म्हणजे पिल्लांना बाहेर पळायला वाट राहते. शरद ऋतूत धुकं दाट असतं, सायकलला दिवा लावा. पावसानंतर मातीच्या वाटा टाळून डांबरी रस्ताच धरा.