उतरवून घेतलेला बाख

मागच्या आठवड्यात दुपारच्याला गंगाखेडकडचे एक काका दुकानात आले, डोक्याला पटका, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. परभणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर सातबारे, आधार कार्ड, जातीचे दाखले हेच चालू असतं, त्यामुळं मला वाटलं असेल कसली तरी हिशोबाची वही. उघडली तर भजनाची. त्यांच्या वडलांनी दुसऱ्या गावच्या टाळकऱ्याकडून रात्री रात्री बसून उतरवून घेतलेली, दौत-टाकानं, पहिल्या पानावर मधोमध "श्री", अन् प्रत्येक अभंग संपला की खाली "रामकृष्ण हरी". जिथं अक्षर जाड पडलं होतं तिथं शाईनं कागदच खाल्लेला, उजेडात धरला की बारीक बारीक भोकं दिसत होती. काका म्हणले, "मालक, पानं तुटायलेत, जरा दमानं करा."

मी दमानं करायलो अन् डोक्यात सारखा बाख यायलाय. योहान सेबास्टियन बाख. आता परभणीच्या झेरॉक्सवाल्याला जर्मनीतला तीनशे वर्षांपूर्वीचा संगीतकार कुठून आठवला म्हणाल, तर मी गेली सात-आठ वर्षं रोज रात्री शटर ओढल्यावर हिशोब करताना त्याचंच ऐकतो. चेलोचा (मोठ्या व्हायोलिनसारखं, बसून वाजवायचं वाद्य) पहिला सूट, म्हणजे नाचाच्या चालींवरच्या छोट्या रचनांची माळ, आधी ऐकला होता, एकटंच वाद्य, सोबतीला ना तबला ना तंबोरा, तरी कुठंच मोकळं मोकळं वाटत नाही. मग त्या माणसाबद्दल सापडेल ते वाचत गेलो, अन् वाचता वाचता ध्यानात आलं की याची सगळी गोष्ट उतरवून घेण्याचीच आहे. हे लोकांना सांगायचं होतं बरेच दिवसांपासून.

तर हा 1685 ला आयझेनाख नावाच्या गावी जन्मला, घराणंच वाजवणाऱ्यांचं. दहाव्या वर्षाच्या आतच आधी आई गेली, मग वडील. थोरला भाऊ ओर्ड्रुफ गावच्या चर्चमधे ऑर्गन वाजवायचा, त्यानं याला घरी नेलं अन् शिकवलं. त्या भावाकडं एक वही होती, त्या काळच्या मोठ्या मोठ्या वाजवणाऱ्यांच्या रचनांची, अन् ती तो काही केल्या पोराला देईना. कपाटाला जाळीचं दार होतं. पोराचा हात लहान, तो जाळीतून आत जायचा, आतल्या आत वही गुंडाळायची अन् बाहेर काढायची, सगळे झोपल्यावर. दिवा लावायची सोय नाही, म्हणून चांदण्यात बसून उतरवायचा. सहा महिने लागले त्याला. अन् शेवटी भावाला कळलं अन् त्यानं ती उतरवलेली वही काढून घेतली! बाख गेल्यावर त्याच्या पोरानं अन् एका शिष्यानं मिळून जो मृत्युलेख लिहिला, 1754 ला छापला, त्यात ही हकीकत आलीय. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लई जीव तुटला माझा. सहा महिन्यांचं चांदणं गेलं की हो.

विसाव्या वर्षी आर्नश्टाटला नोकरीत असताना चार आठवड्यांची रजा काढली अन् ल्युबेकला निघाला, बुक्स्टेहुड नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याला ऐकायला. जवळपास चारशे किलोमीटर, अन् पायी. आपल्याकडं पायी पंढरीला जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. चार आठवड्यांची रजा चार महिन्यांवर गेली, परत आल्यावर चर्चवाल्यांनी जाब विचारला. पुढं वायमारला तर ड्यूकनं त्याला महिनाभर कोठडीतच टाकला, का तर नोकरी सोडायची परवानगी मागताना लई हट्ट केला म्हणून. ते साल 1717.

लाइपझिगची गोष्ट मात्र निवांत सांगावी अशीच आहे. 1723 ला तिथल्या थॉमस चर्चच्या शाळेत त्याला संगीताच्या नोकरीवर घेतलं, तेही तिसऱ्या नंबरवर, आधी टेलेमान नावाचा संगीतकार नको म्हणला, मग ग्राउपनर नावाच्या दुसऱ्याला त्याच्या मालकानं सोडलं नाही, मग हा. अन् कामाला लागला तो असा, की पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी एक नवी कंटाटा. कंटाटा म्हणजे गाणारे, वाजवणारे सगळे मिळून साधारण वीस मिनिटांची, कधी अर्ध्या तासाची रचना, त्या रविवारच्या बायबलच्या उताऱ्यावर बांधलेली. आपल्या कीर्तनकाराला कसा त्या दिवसाचा अभंग निरूपणाला घ्यावा लागतो, तसंच. आठवड्यात रचायची, अन् नुसती रचून भागत नाही, प्रत्येक वाजवणाऱ्याला त्याचा त्याचा कागद पाहिजे. झेरॉक्स मशीन नाही हो! मग बायको, पोरं, शाळेतले विद्यार्थी, सगळे टेबलाभोवती बसून उतरवायलेत, पाच टोकांच्या टाकानं कागदावर एका ओढीत पाच रेघा मारायच्या, त्यावर सूर लिहायचे, अन् रविवारी सकाळी ते कागद घेऊन चर्चमधे. सोमवारपासून पुढची.

अन् हे बघा, कागदाच्या सुरुवातीला तो बऱ्याचदा जे. जे. अशी दोन अक्षरं टाकायचा, त्याचा अर्थ येशू, मला मदत कर. शेवटाला एस. डी. जी., म्हणजे महिमा फक्त देवाचा. काकांच्या वहीतलं वरचं "श्री" अन् खालचं "रामकृष्ण हरी" झेरॉक्सच्या काचेवर उलटं ठेवताना मला हेच आठवत होतं.

त्याची दुसरी बायको आना माग्डालेना, स्वतः गाणारी, दरबारात पगारावर होती. पहिली बायको 1720 ला गेली तेव्हा हा लाइपझिगच्या आधीच्या मालकासोबत बाहेरगावी, घरी आला तर माती होऊन गेलेली. पुढच्या वर्षी या दोघांचं लग्न झालं. तिनं इतकं उतरवून दिलंय त्याचं, की तिचं अक्षर त्याच्या अक्षरासारखंच होऊन गेलं, अभ्यासकांनासुद्धा बरेच दिवस कुठलं कोणाचं ते ओळखू येत नव्हतं. दोन्ही बायकांची मिळून वीस लेकरं, त्यातली दहाच मोठी झाली, अन् त्या सगळ्या दुखण्या-बाळंतपणात ही बाई लिहीत बसलेली. मी रात्री ऐकतो ते चेलोचे सूट त्याच्या स्वतःच्या अक्षरात आज कुठंच नाहीत, तिची अन् दुसऱ्या काही उतरवणाऱ्यांच्या प्रती राहिल्या म्हणून ते आपल्यापर्यंत आले. अन् तो गेल्यावर दहा वर्षांनी, 1760 ला, ती लाइपझिगमधे गावच्या मदतीवर जगत मेली. मला या एका गोष्टीचा राग अजून जात नाही.

कागदांची तर वाटणीच झाली. थोरल्या पोराच्या वाट्याचे बरेच विकले गेले, हरवले. मृत्युलेखात कंटाटांचे पाच वर्षांचे संच म्हणून लिहिलंय, आज हाती आहेत साधारण दोनशे, बाकीच्या गेल्या. जे राहिलं त्यातलंही बरंचसं शाईनं खाल्लं, अगदी या वहीसारखंच. बर्लिनच्या लायब्ररीत एकेका पानाची जाडी मधोमध उलगडून, आत पातळ कागद घालून ती पानं वाचवलीत. काकांना हे सांगितलं तर ते म्हणले, "आपल्याकडं होतंय का तसं?" मी म्हणलं, काका, आपल्याकडं सध्या हा स्कॅनर.

पण उतरवणाऱ्यांनी सोडलं नाही त्याला. 1829 ला बर्लिनमधे मेंडेलसोन नावाच्या वीस वर्षांच्या संगीतकारानं बाखचं मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांवरची मोठी गायन-रचना, परत उभं केलं, मूळ रचना होऊन शंभरेक वर्षं झालेली, अन् त्याच्याकडं प्रत कुठून आली तर आजीनं नातवासाठी उतरवून घेतली होती. 1890 ला बार्सिलोनात पुढं मोठा चेलोवाला झालेल्या तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला चेलोच्या सूटची पुस्तकं एका जुन्या दुकानात सापडली, अन् लोकांसमोर वाजवायच्या आधी त्यानं बारा वर्षं घरी रियाज केला. अन् 1977 ला अमेरिकेनं व्हॉयेजर यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात बाखच्या तीन रचना आहेत, अन् त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीपण आहे. दोघं एकाच गाडीत बसून चाललेत, सूर्यमालेच्या बाहेर.

एक गोष्ट पेटीवाल्यांसाठी. पांढरी एकला सा धरा अन् वाजवा: काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी सात. म्हणजे कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. जर्मनीत या सुरांना बी, ए, सी, एच म्हणतात. बाख! "आर्ट ऑफ फ्यूग" म्हणून त्याचं शेवटचं मोठं काम, फ्यूग म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना, त्यातल्या अखेरच्या फ्यूगमधे त्यानं हे चार सूर आणलेत, जसं अभंगाच्या शेवटच्या कडव्यात "नामा म्हणे", "जनी म्हणे" येतं तसं. अन् त्यानंतर थोड्याच वेळात लिखाण तुटतं. पोरानं पानावर लिहून ठेवलं, की इथं नाव आलं अन् इथंच रचणारा गेला. आताचे अभ्यासक म्हणतात ते पान मरणाच्या बरंच आधीचं असणार. ते पुस्तक छापलं तर पाच वर्षांत तीसेक प्रतीच खपल्या, पोरानं तांब्याचे ठसे विकायला काढले. आजोबांच्या पेटीवर मी ते चार सूर कितीदा वाजवलेत, काळी पाच जरा अडकते, तरी वाजवतो.

तर काकांच्या वहीत शेवटून दुसऱ्या पानावर जनाबाईचा एक अभंग होता, अन् नेमका खालचा कोपरा फाटून गेलेला, "जनी म्हणे" च्या पुढचं सगळं गायब. प्रिंट बाहेर आली, मी काकांना दाखवली, म्हणलं, एवढंच नाही आलं बघा. काकांनी पटका नीट केला, डोळे मिटले अन् चालीतच म्हणून दाखवली ती ओळ, काउंटरवर बोटांनी ठेका धरून. मग म्हणले, "लिव्हा."

मी पेन घेतला अन् त्या झेरॉक्सवर, रिकाम्या कोपऱ्यात, लिहिली. दुसऱ्यांदा म्हणायला लावून तपासली. मग स्पायरल मारलं.