तुमची बाजू कुठली? तुम्ही विचारलंत म्हणून

ऊसतोड बायकांसाठी गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनवरची माहितीपत्रिका मी लिहिली, तेव्हापासून एकच प्रश्न दोन्हीकडून येतो. चळवळीतल्या मैत्रिणी म्हणतात, ‘इतकं थंडपणे लिहवलं कसं गं तुला?’ नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, ‘आम्हाला आरोपी करायचं ठरवूनच बसली होतीस का?’

दोन्हीकडून बोलणी बसली म्हणजे आपण बरोबर मधोमध, असं मी आधी एका एजन्सीत लिहिण्याचं काम करायचे तेव्हा छातीठोकपणे सांगायचे. आता नाही सांगत. मजकूर नुसता वाईट असला तरी दोघंही चिडतात.

आधी आकड्याचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली तेव्हा ३६ टक्के जणींची काढलेली, हा आकडा सगळीकडे फिरला. तो छोट्या पाहणीतला. मी घेतला राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास. मैत्रिणींच्या मते मी निम्मा अन्याय खोडला. अहो, २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत आहे. मग १७ काय थोडे झाले? ३६ छापले असते तर पहिल्याच डॉक्टरनं ‘किती बायकांना विचारलं?’ म्हणून अख्खी पत्रिका बाजूला सारली असती. इथं मी हटणार नाही.

खरी अडचण आकड्यात नव्हतीच. धारूर तालुक्यातल्या एका गावात, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, देवळाच्या सभामंडपात मी मसुदा मोठ्यानं वाचत होते. पिशवी कधी काढावी लागते, त्याआधी गोळ्या-औषधं काय असतात, पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात. बायका ऐकत होत्या. ‘अनेक जणींना पुरेशी माहिती न देता शस्त्रक्रिया केली गेली’ या वाक्याला पुढं बसलेल्या एकीनं हात वर केला.

‘मला कुनी फशिवलं न्हाई, ताई. म्या माझ्या डोक्यानं काढली. दर म्हैन्याला फडात कपडा बदलाया आडोसा न्हाई, डोक्यावर मोळी, वर ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. टोळीच्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटली माझी. तुमी लिवताय जशी मी येडीच.’

तिच्या मागून दुसरी उसळली. ‘तुजं तुला. मला डागदरनी सांगितलं कॅन्सर व्हईल. तपासलं बी न्हाई. ह्यो कागद त्याचं नाव बी घेत न्हाई अन् काम बी सांगत न्हाई.’

मग दोघींचं जुंपलं. मला वाटलं होतं बायका विरुद्ध डॉक्टर असा वाद असेल. इथं एकाच टोळीतल्या दोघी, आणि दोघींचं खरं. कोणतंही विशेषण घातलं तरी एकीचा अपमान होणार होता.

त्यातून एक जागा निघाली. ‘पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. तपासणीशिवाय कॅन्सर आहे असं कुणालाच सांगता येत नाही. तपासणीचा कागद मागा.’ यात कुणावर आरोप नाही. डॉक्टर नातेवाईक नेमके याच वाक्यावर चिडलेत, त्याला माझा इलाज नाही.

पण उठता उठता पहिलीनं विचारलं, ‘ह्याच्यात खाडा कुठंय?’ एक दिवस काम बुडालं की मुकादम कापतो तो खाडा. पाचशे रुपये, ती म्हणाली. पिशवी काढायचं तिचं अर्धं कारण तेच होतं. मी एक वाक्य घातलं: ‘काम बुडालं की खाडा बसतो, म्हणून पिशवी काढली, असंही काही जणी सांगतात.’ पत्रिका काढणाऱ्या संस्थेनं ते वगळलं. हा आरोग्याचा विषय नाही म्हणे. मी लांबलचक ईमेल लिहिला, मग मान्य केलं, मानधनही घेतलं.

एजन्सीतली मी असते तर म्हणाले असते, काम देणाऱ्यानं आखलेल्या चौकटीत लिहायचं, बाकी तुझं काम नाही. आताची मी विचारते, चौकट आखतानाच खाडा बाहेर राहिला, तर आतल्या तटस्थपणाला काय अर्थ? त्यावर जुनीचं उत्तर तयार असतं: हट्ट धरला असतास तर पत्रिका निघालीच नसती, आणि ‘कागद मागा’ कुणापर्यंत पोचलं नसतं. हे उत्तर मला आवडत नाही. खोडताही येत नाही.

२०२२ मध्ये केंद्रानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. त्यामुळे पत्रिकेची सुधारित आवृत्ती निघणार आहे. खाड्याचं वाक्य मी पुन्हा पाठवलंय, या वेळी ‘पाळी आणि जड काम’ या आरोग्याच्याच मथळ्याखाली. याला बाजू घेणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.