बायकांनी कसं दिसावं हे एका पुरुषाने ठरवलं होतं

मराठी बाईने छान दिसायचं म्हणजे नेमकं कसं दिसायचं, हे शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसाने सगळ्यात जास्त ठरवलं तो माणूस बाई नव्हताच. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, त्यामुळे त्यांचा विषय निघाला की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून जरा ताठ बसतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, १९११ ला मानापमानात भामिनी, १९१६ ला स्वयंवरात रुक्मिणी, १९१९ ला एकच प्याल्यात सिंधू, आणि या सगळ्या वर्षांत थिएटरात बसलेल्या खऱ्याखुऱ्या बायका त्यांच्याकडे बघून साडी कशी नेसायची, पदर कसा घ्यायचा, नथ कसली घालायची, वेणी कशी माळायची हे शिकत होत्या. म्हणजे बघा, पुरुष बायकांचं निरीक्षण करणार, त्यातलं त्याला आवडलं तेवढं उचलणार, ते झगमगाटात स्टेजवर आणणार, आणि बायका ते बघून घरी जाऊन तशा होणार. इन्स्टाग्राम आत्ता आलं हो, इन्फ्लुएन्सर केव्हाचे आहेत.

आमच्या पणजीचा एकच फोटो आहे. खुर्चीच्या पाठीवर एक हात, खांद्यावर शेला, मान जराशी कललेली आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही तर कुठेतरी खाली डावीकडे. लहानपणी मला वाटायचं की ती लाजलीये. आता बालगंधर्वांचे जुने फोटो नेटवर सहज बघायला मिळतात आणि त्यातली उभं राहायची ढब बघितली की कळतं, बाई लाजलेली वगैरे काही नाहीये, तिला तसं उभं केलंय. बहुतेक फोटोग्राफरने. खऱ्या आयुष्यात ही बाई म्हशीचं दूध काढायची आणि आजोबा सांगायचे त्यावरून तिचा आवाज तीन घरं सोडून ऐकू जायचा.

पुरुष का करायचे बायकांची कामं, तर चांगल्या घरच्या बायकांनी स्टेजवर जायचं नाही म्हणून. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या लंकादहनमध्ये राम पण केला आणि सीता पण केली. हे मला दर वेळी नव्याने भारी वाटतं. मर्यादा पुरुषोत्तमही तोच आणि पतिव्रताही तोच, आणि लोक मनोभावे बघतायत. फाळक्यांनीच १९१३ मध्ये मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना घेतलं, म्हणजे बायका पडद्यावर आल्या तशा लवकरच आल्या. नाटकात जरा वेळ लागला, १९३३ च्या आंधळ्यांची शाळामध्ये ज्योत्स्ना भोळे वगैरे आल्या तोवर बाई कशी चालते, कशी रुसते, कशी रडते याचा साचा पक्का झाला होता. बायकांनी येऊन तो मोडला नाही, त्यात स्वतःला बसवून घेतलं, कारण प्रेक्षकांना तेच ओळखीचं होतं.

आणि गोष्ट नुसत्या नथीची असती तर मी एवढं लिहीत बसले नसते. खरी गडबड एकच प्याल्यातल्या सिंधूने केली. नवरा दारूच्या पायी सगळं घालवतो, ही भावाच्या श्रीमंतीकडे पाठ फिरवून दळण दळते, बाळ उपाशी, नवरा मारतो, बाळ जातं, हीपण जाते, पण शेवटपर्यंत नवऱ्याकडे कोणाला बोट दाखवू देत नाही. गडकऱ्यांचं नाटक दारूवर होतं, पण लोकांनी घरी काय नेलं तर सिंधू. बाईचा मोठेपणा सोसण्यात, आणि जितकं जास्त सोसेल तितकी बाई मोठी, हा हिशोब तेव्हापासून आपल्या घरात चालू आहे.

दुसरे नमुने नव्हते असं अजिबात नाही. १९३७ च्या प्रभातच्या कुंकूमध्ये शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते, सरळ सरळ, ८८-९० वर्षांपूर्वी! सिनेमा गाजला, लोकांनी कौतुक केलं, आणि मग? मग काही नाही. माझ्या आईच्या पिढीत मुलीला "नीरासारखी हो" असं म्हणणारं एक माणूस मला दाखवा. घरातल्या प्रत्येकाला सिंधू सोयीची आहे, नवऱ्याला, सासूला, दिराला, अगदी माहेरच्यांनासुद्धा, कारण ती परत येत नाही.

१९९१ ला माहेरची साडी आला. मूळ राजस्थानी सिनेमा, त्याचा मराठी अवतार, आणि असा चालला की गावोगाव बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून बघायला गेल्या. आमच्याकडे गणपतीत पडद्यावर लावला होता आणि बायकांनी येताना टॉवेल आणले होते, रुमालाने भागणार नाही म्हणून. अलका कुबल सोसतायत, उषा नाडकर्णी छळतायत, आणि लेकीला अपशकुनी ठरवून झिडकारणारा बाप विक्रम गोखले. गंमत बघा, हे विक्रम गोखले म्हणजे त्याच कमलाबाईंचे नातू आणि दुर्गाबाई कामतांचे पणतू. पहिल्यांदा पडद्यावर यायची हिंमत केलेल्या बाईच्या पणतूने आठ दशकांनी पडद्यावर लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवलं. भूमिका होती, त्यांनी केली, आणि उत्तम केली, त्यांचा दोष नाही. पण मला हे कळल्यावर तो सिनेमा पूर्वीसारखा बघताच येत नाही.

बरं माझी मावशी म्हणते की त्या सिनेमात आम्ही अलकासाठी रडलोच नाही, आपापल्यासाठी रडलो, घरात रडायची सोय कुठे होती. हे मला पटतं. म्हणून मी त्या टॉवेलवाल्या बायकांना हसत नाही. पण रडून झाल्यावर घरी जाऊन भाकरी थापल्याच की सगळ्यांनी.

मग सिरियल. आता इथे मी माझ्या सासूबाईंबरोबर रोज साडेसात ते दहा बसून तयार झालेली एक्स्पर्ट आहे त्यामुळे जरा बोलू द्या. होणार सून मी ह्या घरचीमधल्या जान्हवीचं ते लांब मंगळसूत्र आठवतंय? २०१३-१४ ला सराफाकडे गेलं की बायका डिझाइन सांगायच्याच नाहीत, नुसतं "जान्हवीचं द्या" म्हणायच्या आणि सराफ बरोबर ट्रे काढायचा. नाटकातल्या नथीची कॉपी आणि हे, फरक काय सांगा. मंगळसूत्राबरोबर सहा सासवांना सांभाळून घेणारी सून पण घरी आली ना, ती ट्रेमध्ये दिसत नाही एवढंच. माझ्या नवऱ्याची बायकोमध्ये तर कपडेच बोलायचे, राधिका साडीत म्हणजे चांगली, शनाया मॉडर्न कपड्यात म्हणजे ती दुसरी. प्रेक्षकाला डोकं लावायलाच नको, कपडे बघा आणि निकाल लावा. पुढे राधिका मसाल्यांचा धंदा उभारते आणि मोठी होते, तो भाग मला मनापासून आवडला, पण बिझनेस तरी कसला दिला तर मसाल्यांचा. पूर्ण कंपनी उभी केली तरी स्वयंपाकघराचा वास सुटू द्यायचा नाही.

लोक म्हणतात लेखकच मागास आहेत. मला नाही वाटत तसं, मला वाटतं यात धंद्याचं गणित जास्त आहे. रोजचा एपिसोड लागतो, दर गुरुवारी टीआरपी येतो, आणि जी बाई सोमवारी सासूला "हे चुकीचं आहे, मी करणार नाही" असं म्हणेल तिची गोष्ट मंगळवारी संपली! सोसणं लांबवता येतं, उत्तर देणं लांबवता येत नाही. म्हणून ती दाराआडून ऐकते, डोळे पुसते, सणाचा एपिसोड येतो, परत ऐकते. आई कुठे काय करतेमधल्या अरुंधतीने घटस्फोट घेतला, दुसरं लग्न केलं, गाणं केलं, हे सगळं झालं आणि सासूबाईंनी पण ते पचवलं, मला तर आश्चर्यच वाटलं होतं, पण तिथपर्यंत यायला त्या बाईला किती शे एपिसोड अपमान गिळायला लागला ते मोजा.

आता पुरुषांकडे येते, कारण हा साचा एकट्या बायकांसाठी नाहीये.

पुरुषाने बाई साकारली म्हणून बालगंधर्वांना १९६४ ला पद्मभूषण. आणि त्याच महाराष्ट्रात तमाशापटात नाच्या करणारे गणपत पाटील, "आत्ता गं बया" म्हटलं की अख्खं थिएटर लोळायचं, त्यांना त्या कामाने काय दिलं? लोक खऱ्या आयुष्यातही त्यांना तसेच समजायला लागले. संसारी माणूस, बायकोमुलं असलेला, पण पडद्यावरची छाप काही पुसली गेली नाही. दोघांनी केलं काय तर पुरुष असून बायकी हावभाव. पण एकाने शालू नेसून वरच्या घरातली बाई दाखवली, पेशवाई थाटात, समोर शेटसावकार आणि वकील-डॉक्टर बसलेले. दुसऱ्याने पुरुष राहून मुरका मारला, तोही फडावर, समोर पटकेवाले. पूर्ण बाई झालात तर कला आणि पुरुष राहून जरासं इकडेतिकडे झालात तर चेष्टा, आणि यात कोणत्या जातीच्या, कोणत्या वर्गाच्या लोकांसमोर केलं हेही आलंच, ते आपण सहसा बोलत नाही. २०१० च्या नटरंगमध्ये हे फार नीट आलंय, कागलचा धिप्पाड मजूर गुणा, त्याला व्हायचंय राजा, पण फडाला नाच्या पाहिजे आणि कोणी तयार नाही म्हणून तो स्वतः होतो, आणि मग गाव त्याच्याशी जे वागतं ते बघवत नाही.

माझ्या शाळेत एक मुलगा होता, हात हलवून बोलायचा, बस एवढंच. त्याला सातवीपासून "आत्ता गं बया" म्हणायचे. चिडवणाऱ्या पोरांतल्या निम्म्यांनी गणपत पाटलांचा एक सिनेमा धड बघितला नसेल. त्याने कॉलेजात जाईपर्यंत हात खिशात घालून बोलायची सवय लावून घेतली होती. आम्ही सगळे मात्र घरी टीव्हीवर बनवाबनवी लागला की सचिनची सुधा आणि लक्ष्याची पार्वती बघून पोट धरून हसायचो, संवाद पाठ, मला आजही पाठ आहेत आणि आजही हसू येतं, ते काही मी सोडणार नाही. फक्त त्यात पुरुष अडचणीत सापडून साडी नेसतो आणि शेवटी विग काढतो, म्हणून सगळ्यांना ते सेफ वाटतं.

मर्द म्हणजे मग कोण? आमच्या भागात याचं उत्तर तालीम. तुझ्यात जीव रंगला आली तेव्हा राणादा घराघरात, "चालतंय की" रिक्षांच्या मागे लिहिलेलं. मला तो आवडायचा, खोटं का बोला. भलामोठा पैलवान, पण बाईमाणसासमोर मान खाली, आवाज चढवत नाही. मुलींना दबकावणाऱ्या हिरोंपुढे हे बरंच म्हणायचं. पण त्याचा चांगुलपणा कशात दाखवला तर भोळेपणात, त्याला काही कळतच नाही म्हणून तो चांगला. सगळं कळणारा, शिकलेला, बोलका पुरुषही बायकोशी नीट वागू शकतो हे लिहायला आपल्याला का जड जातं कुणास ठाऊक. तालमीतली खरी पोरं मी बघितलीयेत, माझे दोन चुलतभाऊ त्यातलेच, बदाम आणि तुपाच्या खर्चाने काकाच्या कमरेचे काटे ढिले झालेत, आणि गुडघा गेल्यावर पुढे काय करायचं या चिंतेत असलेली ती पोरं राणादासारखी भोळी वगैरे अजिबात नाहीत. बऱ्यापैकी धूर्त आहेत, आणि प्रेमळपण.

आणि सैराट. २०१६. आर्चीचं बुलेट चालवणं, ट्रॅक्टर चालवणं, "मराठीत कळत नाही का" म्हणणं, यावर इतकं लिहून झालंय की मी काही भर घालत नाही. आता आमच्याकडे लग्नात नवरीची बुलेटवर एन्ट्री असते, ड्रोन वरून शूट करतो आणि नवरीच्या मागे बसलेला नवरा हसत असतो. छान दिसतं.

पण सिनेमाचा दुसरा अर्धा भाग कोणालाच आठवत नाही. हैदराबादेत आर्ची कारखान्यात कामाला जाते, कोणाशी चार शब्द बोलते आणि तो कविता करणारा, विहिरीत उड्या मारणारा, गोड परशा संशय घ्यायला लागतो, भांडतो, हात उगारतो. ती निघून जाते, ट्रेनमध्ये बसते, आणि परत येते. मंजुळ्यांनी हे मुद्दाम ठेवलंय असं मला पक्कं वाटतं. परशाला कोणी शिकवलं नव्हतं संशय घ्यायला, त्याच्या घरात आर्चीच्या बापासारखा कोणी पाटील नव्हता, पण बायको कमवायला बाहेर पडली की नवऱ्याने काय करायचं असतं हे त्याला आपोआप माहीत होतं. मी हे नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, अगं पण तो घाबरलेला होता, परका गाव, पैसा नाही. खरंय, घाबरलेलाच होता. आर्ची पण तेवढीच घाबरलेली होती की, तिने नाही कोणावर हात उचलला. यावर आमचं दोन दिवस चालू आहे आणि तो अजून म्हणतोय की सिनेमा मी जास्तच मनावर घेते.