लिबरेटर कोल्हापुरात पोहोचेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांची डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, मॉडेल्स जमवणाऱ्याला परदेशी विक्रेता शोधणे किंवा त्याला पैसे पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. खरी परीक्षा पार्सल मुंबईत उतरल्यावर सुरू होते. माझे बी-२४ लिबरेटर तेथे ज्या कारणासाठी अडकून पडले, ते कारण आठवले की आजही संताप होतो.

लिबरेटरवर माझा जीव आहे तो त्याच्या भारतीय इतिहासामुळे. युद्धानंतर कानपूरला मोडीत निघालेली ही विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टने उडण्याजोगी केली, त्या कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती उडवत बंगळूरला नेली आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलाने ती वापरली. कॉर्गी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने १:७२ प्रमाणात केलेले जुने मॉडेल ब्रिटनमधल्या एका संग्राहकाकडे मिळाले आणि त्याने ते टपालाने रवाना केले.

त्यानंतर ट्रॅकिंगवर ‘सीमाशुल्क विभागाकडे’ ही एकच ओळ दिसू लागली आणि ती काही केल्या हलेना. फोन कोणी उचलत नव्हते. अखेर पत्र आले: वस्तू ‘खेळणे’ असल्याने भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सादर करावे. खेळण्यांवर ब्युरोचे आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे आहे हे मला मान्य आहे, पण तो आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूंना लागू होतो आणि या खोक्यावर तर हे मॉडेल प्रौढ संग्राहकांसाठी असल्याचे स्पष्ट छापलेले होते. शिवाय उत्पादन कधीच बंद झालेल्या, एकाच नगाच्या जुन्या मॉडेलसाठी प्रमाणपत्र आणायचे तरी कोणाकडून? मी हे सारे सविस्तर लिहून, खोक्याची छायाचित्रे, इन्व्हॉइस, पैसे भरल्याची पावती आणि ओळखपत्र जोडून ईमेलने कळवले व रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवले. त्यावर तीच कागदपत्रे पुन्हा मागवण्यात आली, कारण फाइल दुसऱ्या टेबलावर गेली होती. शुल्क भरायला माझी कधीच ना नव्हती. माझे म्हणणे एवढेच होते की खोक्यावरचा मजकूर कोणीतरी एकदा वाचावा. तिसऱ्या टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि पार्सल सुटले.

म्हणून विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की पार्सलसोबतच्या सीएन २३ या सीमाशुल्क घोषणापत्राच्या फॉर्मवर नुसते ‘टॉय’ किंवा ‘मॉडेल’ न लिहिता ‘प्रौढ संग्राहकांसाठी डायकास्ट स्केल मॉडेल, एक नग, वैयक्तिक संग्रहासाठी’ असा अर्थ स्पष्ट होईल असे इंग्रजीत लिहावे, खरी किंमत घालावी आणि इन्व्हॉइसची एक प्रत पार्सलच्या बाहेर चिकटवावी. भेटवस्तू म्हणून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफीची सवलत २०१९ च्या डिसेंबरातच काढून टाकली आहे.

पोस्टमनकाकांनी दारात शुल्क घेऊन खोके हाती दिले, तेव्हा त्यावर तपासणीची दुसरी चिकटपट्टी होती. असे पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. माझ्या लिबरेटरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ४६ सेंटिमीटर भरतात आणि धातूचे वजन चांगलेच जाणवते, त्यामुळे आतील पॅकिंगचा साचा सैल झाला तर पहिला घाव बंदुकांच्या बारीक नळ्यांवर बसतो. सुदैवाने एकही नळी वाकलेली नव्हती. खऱ्या विमानात बॉम्बकक्षाची दारे दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकत, आणि तिथल्या रेघा मॉडेलवर भिंगाखाली स्वच्छ दिसतात. शिवाजी उद्यमनगरात ओतकाम पाहत वाढलेल्या माणसाला पंखाच्या कडेवर साच्याची रेघ हाताला लागू नये याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एक राहिलेच: ही मॉडेल्स जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि कोल्हापूरचा पावसाळा त्यांना मानवत नाही, तेव्हा काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दरवर्षी मिरगाच्या आधी बदलाव्यात. आता मी लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचे मॉडेल मागवतो आहे आणि फॉर्मवरचा मजकूर विक्रेत्याला स्वतः लिहून पाठवला आहे.