दाराच्या आतून पाहिलेले फिरस्ते

१ मार्च

गेले चार दिवस रात्रीची जेवणे आटोपली की मी आयर्लंडमधील शाळकरी मुलांच्या जुन्या वह्या संगणकावर वाचत बसतो. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून जुन्या आठवणी विचारून लिहून काढायला सांगितले होते, आणि त्या विषयांत फिरस्त्या लोकांचाही समावेश होता.

पाठीवर गाठोडे घेऊन येणारा फेरीवाला सुया, दोरे, बुटांच्या नाड्या आणि संतांच्या तसबिरी घरात मांडून बसे. बाजार मैलोगणती दूर असलेल्या बाईच्या दारी जणू दुकानच चालून येई, आणि पैसे नसले तर ती बटाटे, पीठ किंवा अंडी देई. अंधार पडला तर विस्तवाजवळ पेंढा अंथरून त्याची निजण्याची सोय होई, आणि तोही कोण वारले, कोणाचे लग्न ठरले, जत्रेत गुरांना काय भाव आला, हे सारे सांगून त्या घराची रात्र भरून काढी.

पत्र्याचे काम करणाऱ्या फिरस्त्यांपाशी मी अधिक रेंगाळलो. दुधाची गळकी चरवी उलटी धरून भोकाभोवतीचा गंज खरवडायचा, राळ लावायची आणि विस्तवात तापवलेल्या लोखंडाने डाख द्यायचा. लहानपणी कल्हईवाल्याच्या भात्याशेजारी उकिडवा बसलेला मी. त्या तापल्या कथलाचा वास मला वाचतानाच आला.

पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि हे काम संपत गेले. धंद्यावरून पडलेले ‘टिंकर’ हे नाव तर शिवीसारखे वापरले जाऊ लागले. १९६३ च्या सरकारी अहवालाने या फिरस्त्या समाजाचे, म्हणजे आयरिश ट्रॅव्हलर लोकांचे, फिरते जगणेच समस्या ठरवले आणि त्यांना स्थायिक समाजात सामावून घेण्याची शिफारस केली. ज्यांच्या येण्याची घरे वाट पाहत, त्यांच्याविषयी असे लिहिले जावे याचे मला फार वाईट वाटते. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून त्यांना मान्यता मिळाली ती २०१७ साली, आजच्याच तारखेला, पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत केलेल्या घोषणेने.

मी वाचलेल्या वह्यांत मात्र सारे काही दाराच्या आतून पाहिलेले आहे. त्या पेंढ्यावर निजलेला माणूस पहाटे वाटेला लागल्यावर आपल्या माणसांना, त्यांच्या स्वतःच्या बोलीत, त्या घराविषयी काय सांगत असेल, ते मी अजून शोधतो आहे.