समाजकार्यकर्त्यांचा विमा काढताना: नाशिकमधला माझा अनुभव

आमची संस्था लहान आहे. नाशिक शहरात कुटुंब समुपदेशन केंद्र चालवतो आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मुलांची शाळा सुटू नये म्हणून काम करतो. पगारी माणसं दहाच्या आत आहेत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची राज्य विमा योजना, लागू होत नाही. बाकी सगळे स्वयंसेवक आणि क्षेत्रकार्यासाठी येणारे एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्यात एमए-स्तरावर शिकणारे विद्यार्थी.

विम्याचा विषय निघाला तो सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीच्या, करारावरून. सातपूरच्या एका कंपनीने निधी मंजूर केला. मसुद्यात एक कलम होतं : कामादरम्यान कोणाचंही नुकसान झालं तर जबाबदारी संस्थेची, आणि तसं विमासंरक्षण असल्याचा कागद पहिल्या हप्त्याआधी द्यायचा. कंपनीला कागद हवा होता. मला मात्र त्या पावसाळ्यात सावळघाटात स्कूटी घसरून मनगट मोडलेली आमची ताई आठवत होती. काढायचाच आहे तर असा विमा काढू, जो तिच्यासारखीच्या उपयोगी पडेल, हे मी तेव्हाच ठरवलं.

पहिल्या एजंटने दुकानदारांचं पॅकेज पुढे केलं : आग, चोरी, काच फुटणं. आमच्या ऑफिसात दोन लॅपटॉप, एक कपाट आणि सतरंज्या. आमची जोखीम ऑफिसात नाहीच, ती रस्त्यावर आहे आणि समुपदेशनाच्या खोलीत आहे. हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, पण तिथूनच खरं काम सुरू झालं.

आधी रस्त्याचं. पगारी कर्मचाऱ्यांसाठी एजंट लोक ज्याला डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी म्हणतात ती घेतली. कामावर असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, ही 1923 च्या कायद्यापासून चालत आलेली जबाबदारी ही पॉलिसी उचलते. पण ती पगाराच्या आकड्यावर निघते. स्वयंसेवकाला पगार नाही, विद्यार्थ्याला नाही, म्हणजे घाटातून सर्वात जास्त फिरणारी माणसंच तिच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी वेगळी घेतली. इथे एक गोष्ट विचारून घ्याच. साध्या कव्हरमध्ये मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढंच असतं. मोडलेल्या हाताचा दवाखान्याचा खर्च आणि घरी बसावं लागलं तर आठवड्याला मिळणारी रक्कम, ही दोन कलमं जादा पैसे भरून जोडावी लागतात. आम्ही दोन्ही जोडली.

गाडीच्या विम्यावर विसंबू नये, हेही कळलं. त्यात 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण असतं, पण ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच. आमच्या निम्म्या मुली भावाची नाहीतर वडिलांची गाडी चालवतात. शिवाय सगळ्यांना आपापल्या बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरायला लावला. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक हवी, ही आठवण आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी जाते.

समुपदेशनाचं प्रकरण अवघड होतं. चुकीचा सल्ला दिला, माहिती बाहेर गेली, असा आरोप झाला तर लागते ती प्रोफेशनल इन्डेम्निटी. विमा कंपनीच्या ऑफिसात फॉर्मवर डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट, इंजिनिअर असे रकाने. तिथले साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, "मॅडम, डॉक्टरमध्ये टाकून देऊ का? लवकर होईल." मी नको म्हटलं. आम्ही औषध देत नाही, निदान करत नाही. उद्या क्लेम आला तर पहिला प्रश्न हाच येणार की फॉर्मवर लिहिलेलं काम तुम्ही करता का. त्यांच्याच टेबलावर बसून मी एक पान लिहून दिलं : आम्ही काय करतो, काय करत नाही, समुपदेशकांचं शिक्षण काय, नोंदी कुठे कुलपात राहतात, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे कसं पाठवतो. ते पान प्रपोजल फॉर्मला जोडून वरच्या ऑफिसला गेलं. 2021 च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे, तोही लिहिला. त्यानंतर शंका विचारणारे दोन-तीन ईमेल आले आणि कोटेशन मिळालं.

साहेबांनी विचारलं होतं, "तुमची सेवा तर मोफत, मग ग्राहक न्यायालयाची भीती कशाला?" प्रश्न रास्त होता. सगळ्यांना पूर्ण मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पण आम्ही ऐपत असलेल्यांकडून थोडी फी घेतो. 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने रुग्णालयांबाबत सांगितलं आहे की काहींकडून पैसे घेत असाल तर मोफत उपचार घेणाराही ग्राहकच. उद्या हाच न्याय आम्हाला लावला जाणार नाही, असं मी गृहीत धरायला तयार नव्हते. आणि दिवाणी दावा तर कोणीही लावू शकतं.

या पॉलिसीत दोन गोष्टी मी बोट ठेवून वाचल्या. पहिली, क्लेम पॉलिसी चालू असताना यावा लागतो आणि घटना ठरलेल्या मागच्या तारखेनंतरची असावी लागते. घटस्फोटाच्या प्रकरणात चार वर्षांनी नोटीस येऊ शकते. म्हणून रिन्यूअल एकदाही तुटू द्यायचं नाही, आणि कंपनी बदलली तरी ती मागची तारीख तीच ठेवून घ्यायची. दुसरी, वकिलाचा खर्च विम्याच्या एकूण रकमेतच धरलेला असतो. नुकसानभरपाईसाठी उरतं ते त्यातून वजा जाऊन, त्यामुळे मर्यादा ठरवताना आम्ही थोडी वरचीच घेतली.

गुन्ह्याला मात्र विमा नाही. पोक्सोखालचं, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाचं, प्रकरण कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर ती शिक्षा ज्याची त्याने भोगायची. हे मी सगळ्या समुपदेशकांना बैठकीत स्पष्ट सांगितलं.

प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी लागला, लहान संस्थेला तो जड जातोच. आणि पैसे कंपनीकडे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे 1938 च्या विमा कायद्याचंच कलम आहे. "पॉलिसी होऊन जाईल, तुम्ही कामाला लागा" यावर आम्ही पाड्यावर कोणाला पाठवलं नाही. पावती हातात आल्यावरच गाड्या निघाल्या.

शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचं पान, आलं तेव्हा कामाच्या ठिकाणी फक्त नाशिक शहर छापलेलं होतं. पेठ आणि सुरगाणा तालुके एंडोर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीने, घालून घेतले, मगच त्याची प्रत सीएसआरवाल्यांना पाठवली. आता नवा स्वयंसेवक किंवा विद्यार्थी आला की आधी त्याचं नाव, जन्मतारीख आणि वारस ईमेलने कळवतो. कंपनीचं उत्तर आलं की त्याची फील्ड व्हिजिट लागते.