प्रिओरात: दगडातून आलेली रेड

स्पेनची रेड वाईन म्हटलं की बहुतेक जण रिओहाचंच नाव घेतात, आणि रिओहा चांगलीच असते, पण मला कुणी एकच बाटली निवड म्हटलं तर मी प्रिओरात घेईन, विचारसुद्धा करणार नाही. बार्सिलोनाच्या नैऋत्येला, तारागोना प्रांतातला हा छोटासा डोंगराळ भाग. स्पेनमध्ये वाईनचा सगळ्यात वरचा दर्जा आजवर दोनच भागांना मिळालाय, एक रिओहा आणि दुसरा हा.

इथे माती म्हणावी अशी माती नाहीच. आपली जुनी शाळेची पाटी असते ना, तसल्या काळपट दगडाचा चुरा सगळीकडे, त्यात अभ्रक चमकतं, तिथले लोक त्याला यिकोरेया म्हणतात. पाणी वर थांबत नाही, मग वेलीची मुळं दगडाच्या फटींतून खोल खोल जातात आणि उतार एवढे तीव्र की बऱ्याच बागांत ट्रॅक्टर चढतच नाही, सगळं हातानं, काही ठिकाणी अजून खेचरं लावून नांगरतात. जुन्या वेलीवर कधीकधी किलोभर द्राक्षंही येत नाहीत. बाटली महाग का, याचं उत्तर मला तरी यातच मिळतं.

इथल्या ब्लेंडमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या मिश्रणात, जीव आहे तो गार्नाचा आणि कारिन्येना या दोन द्राक्षांत. गार्नाचा गोडसर, भरदार, अल्कोहोल सहज चढणारी पण थोडी सैल. कारिन्येना तिला रंग, आंबटपणा आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरटपणाचा, कणा देते. या बिचाऱ्या कारिन्येनाला सपाट सुपीक जमिनीत नुसतं भरमसाट पीक येतं आणि वाईन खरखरीत होते म्हणून वर्षानुवर्षं हलकं समजलं गेलं, पण याच दगडावरच्या म्हाताऱ्या वेलींची कारिन्येना पिऊन बघा, मला तर गार्नाचापेक्षा तीच जास्त आवडते!

१२व्या शतकात स्काला देईच्या मठातल्या साधूंनी इथे द्राक्षशेती वाढवली. १८३५ला सरकारनं मठांच्या जमिनी काढून घेतल्या, मग शतकाच्या शेवटी फिलॉक्सेराच्या किडीनं बागा संपवल्या आणि गावं ओस पडत गेली. १९८०च्या दशकात रने बार्बिए, आल्वारो पालासिओस, डाफ्ने ग्लोरियां वगैरे वाईन बनवणारी मंडळी ग्रातायोप्स गावात आली. १९८९चं पीक त्यांनी एकत्र करून एकाच तळघरात वाईन बनवली आणि वेगवेगळ्या लेबलांखाली विकली. जवळ पैसा नसताना असं एकमेकांच्या भरवशावर उभं राहणं मला फार मोठं वाटतं. त्यांनी कॅबर्ने, सिरा, मर्लो ही फ्रेंच द्राक्षंही लावली, त्याने जगात नाव झालं हे खरं, पण आता बरेच जण पुन्हा जुन्या दोन द्राक्षांकडे वळतायत आणि मला ते मनापासून पटतं, कारण कॅबर्ने जास्त झाली की ती बाटली कुठलीही वाटायला लागते.

प्यायची असेल तर एक सांगते, अल्कोहोल १४-१५ टक्के असतं त्यामुळे आपल्याकडच्या उकाड्यात तशीच उघडू नका, आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि तांबड्या रश्श्याबरोबर नको, तिखट अजून भडकतं. कमी तिखटाचं, मिरी घातलेलं भाजलेलं मटण घ्या सोबत. तरुण, म्हणजे अलीकडच्या वर्षाची बाटली असेल तर तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा, टॅनिन जरा नरम पडतं.